तपासनिसांनी पास केलेली रसभरी

"गच्चीवरचं हे रोप तण आहे, असं ज्याला म्हणायचं असेल त्याने माझ्या तोंडावर येऊन म्हणावं!" तपासनिसांनी गरजून सांगितलं, तेव्हा गच्चीवर त्यांच्याखेरीज फक्त पाण्याची टाकी होती. टाकी काही बोलली नाही. तिला हे मान्य आहे असं समजून तपासनीस खाली जेवायला गेले.

तपासनीस हे काही त्यांचं नाव नव्हे. नट-बोल्टच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर बसून त्यांनी सगळी नोकरी काढली. माल बनवणारे वेगळे, पॅक करणारे वेगळे; मधे हे, हातात गेज घेऊन. बोल्ट गेजातून गेला तर पास, नाही तर रिजेक्ट. निवृत्त झाल्यावर गेज कारखान्यात राहिला, पण नजर घरी आली. भाजीवाल्याची काकडी, पेपरच्या घड्या, पाहुण्यांच्या चपला, काहीही त्यांच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे. बायको म्हणायची, "लग्नाच्या वेळी मी कशी पास झाले कोण जाणे." त्यावर ते गंभीरपणे म्हणायचे, "तेव्हा मी शिकाऊ होतो."

आता ही आग मुळात लावली कोणी, तर मेहुण्याने. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याच्या घरामागे बाग आहे, आणि ज्याच्या घरामागे बाग असते त्याच्या बोलण्यातही ती असते. एकदा तो घरच्या रसभरीच्या जॅमची बाटली घेऊन आला. तपासनिसांनी बाटली उजेडात धरली, फिरवली, आणि झाकण तिरकं बसल्याचं निदर्शनास आणून दिलं. झालं. मेहुण्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"भाऊजी," तो म्हणाला, "तुम्ही जन्मभर दुसऱ्यांनी बनवलेलं नापास केलंत. स्वतः कधी काही बनवलंत? काही उगवलंत? हे घ्या रसभरीचं बी. कागदी कंदिलासारख्या टरफलातलं एक पिवळं फळ तेवढं धरून दाखवा. पण तुमच्या हातून काही उगवायचं नाही, हे मी आजच सांगून ठेवतो."

तपासनीस हसले. हसण्यासारखं काही नव्हतं. त्या रात्री पंख्याकडे बघत त्यांनी आठवून पाहिलं, की आपल्या हातून या जगात खरोखर कुठली वस्तू तयार झाली आहे का, आणि त्यांना एकही आठवली नाही. हे त्यांना लागलं. चांगलंच लागलं.

सकाळी ते गच्चीवर होते.

गच्चीचा टाकीमागचा कोपरा रिकामा पडून होता. तिथे वाफा करायला कमिटीने परवानगी दिली, तीही 'कोपऱ्याचा उपयोग होत असेल तोवर' अशा शब्दांत. हे शब्द सेक्रेटरींचे. सेक्रेटरी पूर्वी कोर्टात कारकून होते आणि त्यांच्या साध्या 'या, बसा' मध्येही तीन पळवाटा असत. शिवाय त्या कोपऱ्यावर त्यांचा स्वतःचाच डोळा होता. घरातलं मोडकं फर्निचर ठेवायला त्यांना तिथे पत्र्याची शेड हवी होती.

विटा रचल्या, प्लॅस्टिक अंथरलं. माती विकत आणा, असं मेहुण्याने बजावलं होतं. मेहुण्याने बजावल्यामुळेच तपासनिसांनी ती इमारतीमागच्या मोकळ्या प्लॉटवरून आणली. पण अशी तशी नाही, चाळून! चाळणीवर राहिलेला प्रत्येक खडा त्यांनी रिजेक्ट केला. जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाने थांबून सल्ला दिला. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, माती थोडी उकळून घ्या. शिकवणीच्या बाई म्हणाल्या, रोपांशी बोलत जा. तपासनिसांनी बियांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, की इथे दिरंगाई चालणार नाही.

आणि काय आश्चर्य! वाफा हिरवागार झाला. मेहुण्याने दिलेल्या चिमूटभर बियांतून एवढी रोपं आली, की तपासनीस ती दाखवायला दूधवाल्यालासुद्धा वर घेऊन गेले. दिलेल्या बियांपेक्षा रोपं जास्त कशी, हा प्रश्न एखाद्याला पडला असता. तपासनिसांना तो पडला नाही. उत्पादन जास्त आलं म्हणून चौकशी झाल्याचं त्यांनी कारखान्यात कधी पाहिलं नव्हतं.

रोपं थोडी मोठी झाली तेव्हा मात्र त्यांची नजर जागी झाली. बहुतेक रोपं चटपटीत, गुळगुळीत, पातळ पानांची, एकाच साच्यातून काढल्यासारखी. पण मधेमधे काही रोपं निराळीच. वाढीला सुस्त, पानं जाडसर, आणि अंगभर बारीक लव. तपासनिसांनी एका देठावरून बोट फिरवलं आणि दचकून हात मागे घेतला.

"बर!" ते ओरडले.

लोखंड कापल्यावर कडेला जी बारीक कुसं राहतात त्यांना कारखान्यात बर म्हणतात, आणि बर असलेला नग तपासनिसांनी कधीही पुढे जाऊ दिला नव्हता. प्रमोशनच्या वर्षीसुद्धा नाही.

मागे उभ्या बायकोने त्याचं एक पान बोटांत धरून पाहिलं. "अहो, लव आहे ती. बाळाच्या कानावर असते ना, तशी. किती मऊ लागतंय!"

"बाळांचं इन्स्पेक्शन माझ्याकडे नव्हतं," तपासनीस म्हणाले. "लॉटमधे चार नग वेगळे निघाले तर लॉट चुकलेला नसतो, ते चार नग चुकलेले असतात. हे तण आहे."

आणि त्यांनी ती लवदार रोपं एकेक करून मुळासकट उपटली. नेमके त्याच वेळी सेक्रेटरी मोजपट्टी घेऊन वर आले. कशाची मोजमापं घ्यायला, ते सांगायला नको.

"काय, तण काढताय?" त्यांनी विचारलं. "बरंच दिसतंय."

तपासनिसांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी सगळ्यात लवदार रोप उचललं आणि सेक्रेटरींच्या हातात ठेवलं. "तुम्हाला माझ्या वाफ्यात तण दिसतं ना? मग हे घेऊन जा. बाल्कनीत लावा. माझ्याकडून भेट."

दुसरा कोणी असता तर रोप फेकून खाली गेला असता. पण कोर्टात जन्म गेलेला माणूस हाती आलेली वस्तू फेकत नाही. सेक्रेटरींनी रोप खालीवर पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "हे तण आहे, असं तुम्ही स्वतः म्हणताय?"

"छाती ठोकून म्हणतो."

"ठीक आहे," म्हणून सेक्रेटरी ते रोप पुरावा म्हणून घेऊन गेले. पुरावा सुकून चालत नाही, म्हणून त्यांनी तो कुंडीत लावला. पुराव्याला रोज पाणी घातलं. पुरावा ऊन मागतोय असं वाटल्यावर त्यांनी तो बाल्कनीच्या कठड्याजवळ सरकवला आणि वाकू लागल्यावर त्याला काठीचा आधार दिला. इकडे तपासनीस आपल्या वाफ्याला खत घालत होते. माणसं भांडणापायी किती मन लावून काम करतात, हे बघायचं असेल तर त्या दिवसांत त्या इमारतीत यायला हवं होतं.

वाफ्याला लवकरच फुलं आली. बारीक, फिकट पिवळी, स्वच्छ. मग ते कागदी कंदील लटकले. आपल्या आयुष्यात काहीतरी पहिल्यांदाच लटकलं आहे, या आनंदात तपासनीस दिवसातून कितीदा गच्चीवर जात, त्याची मोजदाद बायकोने सोडून दिली. त्यांनी मेहुण्याला फोटो पाठवला. मेहुण्याचं उत्तर आलं, "भाऊजी, कंदील बारके वाटतात. हे रानटी तर नाही ना? रानातली तशीच दिसते, तिला चिरबोटी म्हणतात." आणि पुढे हसणारे चेहरे.

तपासनिसांनी व्हर्नियर काढला. एक फळ सोलून मोजलं. वाटाण्याएवढं होतं. "साईज किंचित कमी," त्यांनी बायकोला सांगितलं, "पण टॉलरन्समधे आहे, एवढी तूट चालते."

"तोंडात टाकून बघा ना एकदा."

"तपासणारा माल खात नाही," ते म्हणाले. हे तत्त्व बोल्टच्या बाबतीत पाळणं सोपं होतं.

पण संशयाचं बी काही चाळणीवर राहत नाही. शिकवणीच्या बाईंनी मदत म्हणून मोबाईलमधलं झाडं ओळखायचं ॲप लावलं. ॲपने एका पानाला मिरची म्हटलं, दुसऱ्याला वांगं, आणि कंदील धरलेल्या तपासनिसांच्या अंगठ्याला खाण्यायोग्य अळिंबी ठरवलं. दातांचे डॉक्टर म्हणाले, "काहीही असो, कच्चं खाऊ नका. आणि पिकलेलं खाल्लंत तर मला सांगा कसं लागतं." तेवढ्यात सेक्रेटरींनी जिन्यात नोटीस लावली. गच्चीवरील तण काढून टाकण्याबाबत सर्व सभासदांची सभा, गच्चीवरच. रोप तण ठरल्यास कोपरा रिकामा करण्यात येईल. नोटिशीत 'ठरल्यास' असं असलं, तरी शेडचे पत्रे आदल्याच दिवशी खाली येऊन पडले होते.

"मी सरकारी दाखला आणतो!" तपासनीस म्हणाले, आणि एक रोप कंदिलांसकट पिशवीत घालून शेतकी कार्यालयात गेले.

तिथे दोन खिडक्या होत्या. एक फळांची, एक तणांची. तपासनीस ताठ मानेने फळांच्या खिडकीशी उभे राहिले.

"हे कोणतं फळ आहे ते सांगायचं आणि तसा दाखला द्यायचा," ते म्हणाले.

"फळ आहे हे कशावरून?" कारकुनाने विचारलं. "आधी तण नाही हे तणवाल्यांकडून सांगून आणा."

तणांच्या खिडकीतल्याने पिशवीत डोकावून पाहिलं. "तुम्ही याला काय म्हणता?"

"रसभरी."

"मग ते फळ झालं. फळांकडे जा."

"ते तुमच्याकडे पाठवताहेत."

"तुम्ही याला तण म्हणत असाल तर मी घेतो. म्हणता का तण?"

तपासनीस म्हणणार नव्हते. जीव गेला तरी म्हणणार नव्हते. ते दोन खिडक्यांच्या बरोबर मधे, भिंतीशी, रोप छातीशी धरून उभे राहिले, आणि येणारे-जाणारे लोक ते रोप विकायला आलेत असं समजून भाव विचारू लागले. शेवटी चहा पिऊन परतणाऱ्या एका अधिकारी बाईंना त्यांची दया आली. त्यांनी तिथल्या तिथे, उभ्या उभ्याच एक पान बोटांत चोळलं.

"गुळगुळीत आहे," त्या म्हणाल्या. "लागवडीची रसभरी हाताला मखमलीसारखी लागते. पानाला, देठाला, सगळीकडे लव असते. फुलं कशी होती?"

"फिकट पिवळी. स्वच्छ."

"लागवडीच्या फुलात आत ठसठशीत गडद डाग असतात, शाईचं बोट टेकवल्यासारखे. आणि फळ गोटीएवढं, केशरी. ही चिरबोटी आहे, रानातली. बी फार बारीक असतं हिचं. मातीतून आलं असेल."

"माती मी चाळली होती," तपासनीस कसेबसे म्हणाले.

"चाळणीतूनच आलं असणार."

तपासनिसांच्या कानात फक्त 'मखमल' हा शब्द राहिला होता. मखमल त्यांच्या हातात आली होती, आणि त्यांनी तिला बर म्हणून उपटली होती. बायकोने सांगूनसुद्धा!

"म्हणजे हे तण?" त्यांनी विचारलं.

"कोणाच्या शेतात नको असताना आली तर तण," बाई म्हणाल्या. "विषारी म्हणाल तर कच्चं मात्र खाऊ नका. पिकून, कंदील वाळून आपोआप गळलेलं खा, गोड असतं. तुम्ही हिला खतबित घातलंत की काय?"

"नेमाने."

"मग तण कसलं? तण म्हणजे कोणालाच नको असलेलं. तुम्हाला ही हवी आहे की नको, ते मी कसं सांगणार?" आणि त्या आत निघून गेल्या. दाखला द्यायचा राहिलाच.

घरी आल्यावर तपासनीस खुर्चीत बसले. बायकोने पाणी पुढे केलं. "तण निघालं ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"दारात चपला वाकड्या पडल्या होत्या आणि तुम्ही काही बोलला नाहीत."

तपासनीस पाणी प्यायले. "मी चांगला माल नापास केला," ते म्हणाले. "आणि जो पास केला तो... कारखान्यात असे किती बोल्ट मी फेकले असतील गं? तुझा भाऊ बरोबर बोलला. माझ्या हातून काही उगवत नाही."

बायकोने रिकामा पेला उचलला. मग म्हणाली, "उद्या सभेत काय सांगणार?"

"दाखला मिळाला नाही, एवढंच सांगितलं तर खोटं नाही."

"नाही."

"पण खरंही नाही," ते म्हणाले. आणि जेवले मात्र नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्ची भरली. एरवी कोरम होत नाही म्हणून सभा पुढे ढकलायच्या. या वेळी लोक खुर्च्या घेऊन आले. मेहुणाही मुद्दाम आला, जॅमची बाटली घेऊन. या वेळी झाकण सरळ होतं.

सेक्रेटरी शेवटी आले, दोन्ही हातांत कुंडी सांभाळत. कुंडीतलं रोप त्यांच्या खांद्याला लागत होतं. पानं मखमली, आणि पानोपानी मोठाले कंदील लटकलेले. तपासनिसांनी ते रोप ओळखलं.

"निशाणी पहिली," सेक्रेटरी म्हणाले. कोर्ट सुटलं तरी त्यांची भाषा सुटली नव्हती. "हे रोप तण आहे. हे मी म्हणत नाही. छाती ठोकून तपासनीस म्हणाले आहेत, याच जागी. आता वाफा पाहा. तिथेही कंदील, इथेही कंदील. हे तण, तर तेही तण. माझं पुरावा दाखवण्याचं काम झालं. तेव्हा दोन्ही आत्ताच उपटून टाकू आणि मोकळे होऊ." असं म्हणून त्यांनी कुंडीतल्या रोपाच्या बुंध्याला हात घातला.

तपासनीस गप्प राहिले असते तर? निशाणी पहिली नाहीशी झाली असती. त्यांची चूक कुणाला कधी कळली नसती. वाफा गेला असता, पण आब राहिला असता. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ती त्या मखमली पानाकडे बघत होती.

"थांबा!" तपासनीस ओरडले. "हात काढा! ती खरी रसभरी आहे."

सेक्रेटरींनी हात काढला.

"ती खरी, आणि माझा हा सगळा वाफा रानटी आहे. चिरबोटी. मी खरं रोप रिजेक्ट केलं आणि रानटी पास केलं. चूक माझी आहे. कोणाला हसायचं असेल तर हसून घ्या, मी थांबतो."

मेहुणा हसला. बाकी कोणी हसलं नाही, त्यामुळे त्यानेही मधेच सोडून दिलं. सेक्रेटरींनी एक कंदील सोलला. आतून केशरी, टपोरी गोटी निघाली. ते तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी हळूच कुंडी स्वतःकडे ओढली आणि तिच्याभोवती हात टाकला.

"ही मला भेट मिळालेली आहे," ते म्हणाले. "साक्षीदार आहेत."

"तुमचीच आहे. तुम्ही वाढवलीत," तपासनीस म्हणाले.

सेक्रेटरींनी घसा साफ केला. "पण वाफ्याचं काय? वाफा तण आहे हे तुम्ही आत्ता स्वतः कबूल केलंत. म्हणजे तो उपटायला..."

"उपटणार नाही."

"नोटिशीत स्पष्ट लिहिलंय!"

"मी रानटी म्हणालो, तण म्हणालो नाही. तण म्हणजे कोणालाच नको असलेलं. मला हे हवंय." तपासनीस वाफ्यात शिरले, पालथी बादली ओढली आणि तिच्यावर बसले. "मी माती वाहिली, खत घातलं, पाणी घातलं. फुकट आलं म्हणून ते कमी प्रतीचं होत नाही. चुकून पास केलं असेल, पण पास केलंय. आता तुमची कमिटी, तुमची मोजपट्टी आणि तुमचे पत्रे, सगळं आणा इथे. मी उठणार नाही."

बायको उठली. तिने स्वतःची खुर्ची उचलली, वाफ्याच्या विटांशी आणून ठेवली आणि बसली. "मीही नाही," ती म्हणाली. "आणि सेक्रेटरीसाहेब, 'कोपऱ्याचा उपयोग होत असेल तोवर' असे तुमचेच शब्द आहेत. उपयोग होतो की नाही ते खाऊन ठरवा."

तिने मातीवर गळून पडलेले, वाळून कागद झालेले कंदील ओंजळीत गोळा केले आणि पुढे धरले. दातांचे डॉक्टर पहिले आले. त्यांनी दोन खाल्ले, मग आणखी दोन, आणि कसं लागतं ते सांगायचं विसरून तिसऱ्यांदा हात पुढे केला. शिकवणीच्या बाईंनी खाण्याआधी फळाचा फोटो काढला. ॲप म्हणालं, टोमॅटो. त्यांनी मोबाईल पर्समधे टाकला आणि फळ तोंडात. लोक वाफ्याभोवती वाकून मातीत कंदील शोधू लागले, आणि शेडचा विषय निघेना. सेक्रेटरी कुंडी कवटाळून लांब उभे होते. सगळ्यांची पाठ वळल्यावर त्यांनी पायाशी आलेला एक कंदील उचलला.

मेहुणा मात्र जागचा हलला नव्हता. "म्हणजे काय, भाऊजी," तो म्हणाला, "एवढा खटाटोप करून शेवटी तुमच्या हातून उगवलं काय, तर रानटी!"

तपासनिसांनी बायकोच्या ओंजळीतून एक कंदील घेतला. फिरवून पाहिला नाही, उजेडात धरला नाही. सोलला आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःचा माल तोंडात टाकला. बारीक होता, थोडा आंबट, आणि मग चांगलाच गोड.

"हो," ते चावत चावत म्हणाले. "पण उगवलं ना?"